ओव्हरसियर होडेकरांचा तोंडी अभिप्राय

(शिरबंदर, जिल्हा रत्नागिरी. नगरपालिकेचे ओव्हरसियर श्री. जैनुद्दीन होडेकर यांच्या सेवानिवृत्तीनिमित्त मराठी शाळेत भरलेल्या सभेतील माजी अध्यक्ष भाऊसाहेब वकील यांचे भाषण. मार्च १९३४.)

आजच्या सभेचे अध्यक्ष सन्माननीय प्रांतसाहेब, नगरपालिकेचे विद्यमान अध्यक्ष आणि सभासद, व्यासपीठावर बसलेले आणि खुर्ची न मिळाल्याने व्यासपीठाच्या कडेला टेकलेले प्रतिष्ठित गृहस्थ, आजचे सत्कारमूर्ती जैनुद्दीनमियाँ होडेकर, पोरांच्या बाकांवर गुडघे मुडपून बसलेले नागरिक बंधू, आणि मागे दाराशी उभ्या राहिलेल्या भगिनींनो,

त्या भगिनींना कोणी तरी आत घ्या. सगुणा, तू तरी आत ये. नाही? बरे, तेथून ऐकू येते ना? मग तेथे राहा, पण मध्येच निघून जाऊ नकोस. तुला मी मुद्दाम निरोप पाठवून बोलावले आहे.

सेक्रेटरीसाहेबांनी मला दहा मिनिटे दिली आहेत आणि घंटा आपल्या हाताशी ठेवली आहे. त्यांना माझी विनंती आहे की आज घंटा वाजवू नये. मी वकील माणूस, उभा राहिलो की खाली बसत नाही अशी माझी कीर्ती आहे. पण आज मला बोलायची हौस म्हणून मी उभा नाही. खरे सांगायचे तर गेल्या मंगळवारपासून मला बसवतच नाही. मंगळवारी छापखान्यातून मानपत्राचा कच्चा कागद माझ्याकडे तपासायला आला. ते मीच वाचून दाखवावे असे ठरले आहे. मजकूर हेडमास्तरांनी फार सुंदर लिहिला आहे. त्यात होडेकरांना कर्तव्यदक्ष म्हटले आहे, निःस्पृह म्हटले आहे, आणि शेवटी मितभाषी म्हटले आहे. त्या शेवटच्या शब्दावर माझे बोट अडले ते अजून निघालेले नाही. घरात मी ओटीवरून माजघरात आणि माजघरातून ओटीवर इतक्या खेपा घातल्या की आमच्या कुटुंबाने विचारले, पोटात दुखते आहे का? दुखते आहे, पण सुंठ घेऊन जाईल असे ते दुखणे नव्हे.

मानपत्र येथे माझ्या हातात आहे. मी ते वाचणार आहे, पण नंतर. आधी मला वाचू द्यायचे की नाही ते तुम्ही ठरवा.

होडेकर या गावात सव्वीस वर्षे ओव्हरसियर होते. त्यांची काळी छत्री आणि मोजणीची साखळी दिसली नाही असा या गावात एक बोळ नाही. प्रांतसाहेब नवे आहेत म्हणून एक गोष्ट सांगतो. आमच्या एका सभासदांच्या घरापुढून गटार न्यायचे होते. त्यांचा आग्रह असा की ते त्यांच्या अंगणाच्या वरच्या अंगाने न्यावे. ठराव झाला, बहुमताने झाला. होडेकरांनी सगळ्या सभासदांना जागेवर नेले. हातात पाण्याचा तांब्या. तो त्यांनी ठरावात लिहिलेल्या जागी ओतला आणि आम्हाला म्हणाले, चला पाण्यामागून. आम्ही अकरा प्रतिष्ठित माणसे धोतरे वर धरून त्या पाण्यामागून निघालो, आणि ते पाणी नीट त्या सभासदांच्या स्वयंपाकघराच्या दारात गेले. होडेकर एवढेच म्हणाले, "पाण्याला ठराव वाचता येत नाही, साहेब." ते सभासद आज पहिल्या रांगेत हसत आहेत, म्हणून सांगायला हरकत नाही.

हसलात, बरे झाले. यापुढे हसण्यासारखे फारसे नाही.

सन १९२७ च्या माघात आपल्या नगरपालिकेपुढे नळाचा प्रश्न आला. सड्यावरच्या झऱ्याला हौद बांधून झाला होता. सरकारकडून लोखंडी नळ आले होते, पण ते एकाच फाट्याला पुरतील एवढे. एक फाटा वरच्या आळीला, दुसरा खाली बंदरवाडीला. पहिला कोणाचा, एवढाच प्रश्न. वरच्या आळीत घरटी विहीर होती, रहाट होते, शिंपणे होते. मी वरच्या आळीतच राहतो, म्हणून खात्रीने सांगतो. तिथे पाण्याची वाण नव्हती, नळाची होती. नळ म्हणजे नवी वस्तू, ती दारात असली की शोभते. बंदरवाडीत सव्वाशे घरांना एक विहीर, तीही खाडीच्या काठाला. चैत्र लागला की तिचे पाणी मचूळ, आणि वैशाखात ते पाणी तोंडात धरवत नसे. मग बायका खाजणाच्या दलदलीजवळच्या डबक्यातून हंडे भरीत.

होडेकरांनी दोन पानांचा लेखी रिपोर्ट दिला. त्यात शेवटची ओळ अशी होती: पहिला फाटा बंदरवाडीस द्यावा, याबाबत दुसरे मत संभवत नाही. मला ती ओळ पाठ आहे. मितभाषी माणसाने सव्वीस वर्षांत एवढी स्पष्ट ओळ दुसरी लिहिलेली नसेल.

सभेत मते पडली. वरच्या आळीला पाच, बंदरवाडीला पाच. अकरावा मी, अध्यक्ष.

आता तुम्ही म्हणाल, यात अवघड काय होते? काही नव्हते. रिपोर्ट समोर होता, हात वर करायचा होता. पण वरच्या आळीच्या पाच मतांत एक माझे सासरे होते, एक माझे मोठे पक्षकार होते, आणि बाकीच्या तिघांच्या ओटीवर माझे रोजचे उठणेबसणे होते. मला भीती वाटली. याला दुसरा शब्द मी सात वर्षे शोधला, मोठ्या खटल्यात शोधावा तसा शोधला. सापडला नाही. मी म्हणालो, कागद पुन्हा पाहतो, सभा परवावर टाकू. आणि कागद घरी नेऊन पेटीत ठेवले.

दुसऱ्या दिवशी सकाळी अंघोळ करून मी सोमजाईच्या देवळात गेलो. प्रांतसाहेब घाटावरचे, त्यांना सांगायला हवे. आमच्याकडे माणसाला काही सुचेनासे झाले की तो देवीला कौल लावतो. गुरव देवीच्या छातीवर पाण्याने दोन कळ्या चिकटवतो, एक उजवीकडे, एक डावीकडे. गाऱ्हाणे घालतो. मग उजवी कळी आधी पडली तर हो, डावी पडली तर नाही. लग्न, शेत, गलबताचा मुहूर्त, सगळ्याला आम्ही कौल लावतो आणि त्यात मला आजही गैर वाटत नाही. पण नगरपालिकेचे निर्णायक मत देवीवर सोपवणारा अध्यक्ष मुंबई इलाख्यात मी एकटाच असेन. इंग्रजी कायदा शिकलेला, सभेत पॉइंट ऑफ ऑर्डर काढणारा मी, उघड्या अंगाने देवीपुढे बसलो आणि म्हणालो, तू सांग, म्हणजे मला सांगायला नको.

भागोजी गुरवांनी गाऱ्हाणे घातले. "बा माझे आई सोमजाये, नळाचा पानी बंदरवाडीत न्यावा असा तुझ्या मनात असल तर उजवा दे, नसल तर डावा दे."

दुसऱ्या दिवशी मी सभेत वरच्या आळीच्या बाजूने हात वर केला. सहा विरुद्ध पाच. प्रोसिडिंग बुकात आहे.

त्याच वैशाखात बंदरवाडीत पटकीची साथ आली. ते दिवस या सभेतल्या पुष्कळांनी पाहिले आहेत, मी वर्णन करीत नाही. नऊ माणसे गेली. आठ मोठी आणि एक सगुणाची मुलगी दमयंती. ती आईबरोबर आमच्या मागच्या दारी यायची. आई मासळीचे बोलणे करीत असे तेवढ्यात ही आमच्या विहिरीचा रहाट धरून उभी राहायची आणि विचारायची, मी ओढू का? मी तिला ओढू देत असे. आमच्या घरचे पाणी गोड आहे असे ती आईला सांगायची. ते मी ऐकले आहे.

माफ करा. पाणी नको, मी ठीक आहे.

पुढे कलेक्टरकचेरीतून पत्र आले. ओव्हरसियरांचा लेखी रिपोर्ट बंदरवाडीच्या बाजूने असता अध्यक्षांनी निर्णायक मत उलट का दिले, याचा खुलासा आठ दिवसांत करावा. मी टेबलाशी बसलो. मी काय लिहिणार? देवीला विचारले म्हणून लिहू? घाबरलो म्हणून लिहू? मी लिहिले की ओव्हरसियर होडेकर यांनी लेखी रिपोर्टानंतर मला समक्ष भेटून तोंडी असा अभिप्राय दिला, की बंदराकडील जमीन खारी असल्याने नळ दोन वर्षांत गंजतील, सबब फाटा तूर्त वर न्यावा.

प्रांतसाहेब, सभासदहो, असा अभिप्राय होडेकरांनी कधीही दिला नाही. लेखी नाही, तोंडी नाही, रस्त्यात उभे राहून नाही. ते वाक्य पहिल्या शब्दापासून शेवटच्या शब्दापर्यंत माझे आहे.

होडेकर, तुम्ही बसा. मी तुम्हाला बोलू देणार नाही. सात वर्षे तुम्ही बोलला नाहीत, आता आणखी पाच मिनिटे.

माझा खुलासा रिवाजाप्रमाणे सभेत वाचला गेला. संध्याकाळी दिवेलागणीच्या आत तो सगळ्या बंदरावर पोहोचला. वरून कलेक्टरसाहेबांचा शेरा आला की हा ओव्हरसियर लिहितो एक आणि बोलतो एक, याच्यावर भरवसा ठेवू नये. तो शेरा त्यांच्या सर्व्हिस बुकात आहे. रत्नागिरीला लोकल बोर्डाच्या इंजिनियर साहेबांच्या हाताखाली त्यांची नेमणूक जवळजवळ झाली होती, ती गेली. हे झाले कचेरीचे. गावचे त्याहून वाईट झाले. होडेकरांचे घर बंदरवाडीत आहे. जुम्म्याच्या नमाजानंतर त्यांच्या बाजूने चालायला कोणी थांबेना. आणि सगुणाने त्यांच्या दारात जाऊन त्यांच्या पत्नी खतिजाबींना सांगितले, "खतिजाबी, तुमच्या घोवान आमच्या तोंडचा पानी वरल्या आळीला दिलान. आता माझी मासली तुमच्या दारात येयाची नाय." तिने सांगितले म्हणून बाकीच्यांनीही पाट्या फिरवल्या. समुद्राच्या काठाला राहून सात वर्षे त्या घरात बाहेरगावची सुकी मासळी शिजते. सगुणा, तुझे चुकले असे मी म्हणत नाही. तुला जे कागदावर लिहून दिले गेले त्यावर तू विश्वास ठेवलास. कागद माझा होता.

मग होडेकर का बोलले नाहीत? या प्रश्नासाठी मी आज उभा आहे.

खुलासा वाचला गेला त्याच्या दुसऱ्या सकाळी ते माझ्या ओटीवर आले. मी वकिलाच्या तयारीने बसलो होतो, ते काय आरोप करतील आणि मी काय उत्तर देईन हे सगळे मनात मांडून. त्यांनी आरोप केलाच नाही. ते म्हणाले, "भाऊसाहेब, त्या दिवशी सकाळी मी देवळाच्या वरच्या उतारावर लेव्हल घेत होतो. तुम्हाला आत बसलेलं पाहिलं. कौल लावलात हे मला माहीत आहे."

मी उठलो आणि माजघराचे दार लोटून घेतले.

ते म्हणाले, "मी असं बोललोच नाही एवढंच म्हटलं तर अध्यक्षांपुढे माझा शब्द कोण धरणार? कौलाचं बाहेर सांगितलं तर माझं नाव सुटेल. पण उद्या गाव म्हणेल, देवीच्या कौलानं माणसं मेली असं एक मुसलमान सांगत फिरतो. मग कोण कोणाचं ऐकणार? दिवस कसे आहेत तुम्ही पाहताच. डोकी फुटतील, आणि बंदरवाडीचा नळ राहील बाजूला. मला माझं नाव नको. मला पुढच्या खेपेचे नळ खाली द्या."

दिवस कसे होते हे तुम्हालाही आठवत असेल. वर्तमानपत्र उघडले की कोठे ना कोठे मशिदीपुढच्या वाद्यांवरून दंगा. आपल्या गावात तो झाला नाही. का झाला नाही याची कारणे पुष्कळांनी पुष्कळ सांगितली, मी स्वतः एका भाषणात आपल्या थोर परंपरेचे सांगितले आणि टाळ्या घेतल्या. त्यातले एक कारण ही सत्काराच्या खुर्चीवरची व्यक्ती होती, आणि हे मला ठाऊक असूनही मी ते सांगितले नाही.

दोन वर्षांनी नळ खाली गेले. होडेकरांनी ते स्वतः उभे राहून टाकून घेतले. आज पाच वर्षे झाली, त्या खाऱ्या जमिनीत एकही नळ गंजलेला नाही. बंदरवाडीने त्या नळावर नारळ फोडला तेव्हा फोडायला मला बोलावले. मी गेलो, फोडला, आणि होडेकर गर्दीच्या मागे छत्री धरून उभे होते. त्या दिवशी तरी मी बोलायला हवे होते. उद्या बोलू, असे म्हणालो. गुरुवारी ते आगबोटीने मुंबईला जातात आणि तेथून मोंबासाला, आपल्या मुलाकडे, अयूबकडे, कायमचे. या गावात त्यांना थांबवील असे कोणी उरलेले नाही. म्हणजे माझा उद्या गुरुवारी संपतो.

आता शेवटचे. हे मी होडेकरांनाही सांगितलेले नाही. त्यांनी मला देवळात पाहिले ते दुरून. आत काय झाले ते त्यांना दिसले नाही. देवीच्या नावाला बट्टा लागू नये म्हणून त्यांनी सात वर्षे तोंड मिटून घेतले. तर ऐका.

भागोजींनी गाऱ्हाणे घातले आणि कळी पडली. उजवी पडली. देवीने सांगितले, पाणी बंदरवाडीला न्या. मी म्हणालो, भागोजी, वारा होता, पुन्हा लावा. दुसऱ्या खेपेला बराच वेळ एकही कळी पडेना. मी म्हणालो, पुन्हा लावा. तेव्हा भागोजी माझ्याकडे वळून म्हणाले, "भाऊसायब, आयशीन येकदा सांगितलान. पुन्यांदा इचारू नका." मी अध्यक्ष होतो, त्यांच्या इनामाचा कागद माझ्या कपाटात होता. मी म्हणालो, लावा. तिसऱ्या खेपेला डावी पडली आणि मी लगेच उठलो.

भागोजी गुरव तिसऱ्या रांगेत बसले आहेत. मी बोललो त्यात एक अक्षर खोटे असेल तर त्यांनी उभे राहावे.

भागोजी?

ते उभे राहत नाहीत, हे सभेने पाहावे.

तेव्हा रिपोर्टाने सांगितले होते, देवीने सांगितले होते, आणि आमच्या विहिरीवर रहाट ओढणाऱ्या एका पोरीकडे नुसते पाहिले असते तरी कळले असते. न कळण्याची सोय कोठेच नव्हती. आणि एवढे सगळे एका बाजूला असताना मी जे केले त्याचा बोजा मी त्या माणसाच्या डोक्यावर दिला ज्याने तो देवळाच्या, मशिदीच्या आणि सगळ्या गावाच्या काळजीपोटी मुकाट्याने वाहिला. त्याला आज आपण मितभाषी म्हणून शाल देणार आहोत. म्हणून मी विचारले, हे मानपत्र मी वाचावे का? माझ्या तोंडून ते शोभणार नाही. हेडमास्तरांनी वाचावे. त्यांचे शब्द खरे आहेत, फक्त वाचणारा बदला.

प्रांतसाहेब, हा कागद मी सहीनिशी आपल्या हाती देतो. यात आता बोललो तेच लिहिले आहे. होडेकरांच्या सर्व्हिस बुकातला तो शेरा खोडायचा अधिकार ज्यांना असेल त्यांच्यापर्यंत तो आपण पोहोचवावा. माझ्यावर जे करायचे ते कायद्याप्रमाणे व्हावे. मी माझा बचाव मांडणार नाही, या गावात मी फार दिवस दुसऱ्यांचे बचाव मांडले.

सगुणा, तुझ्यापुढे मला बोलता येत नाही. एवढेच सांगतो, तुझे पाणी ज्याने वर नेले तो माणूस होडेकरांच्या घरात राहत नाही. तो वरच्या आळीत राहतो आणि तू रोज त्याच्या मागच्या दारी येत होतीस. गुरुवारपर्यंत तीन सकाळी आहेत. खतिजाबींचे दार तुला ठाऊक आहे.

जैनुद्दीनमियाँ, तुमच्याकडे मी क्षमा मागत नाही. मागितली तर तुम्ही ती लगेच द्याल, आणि मला ती इतकी स्वस्त नको.

आभार मानायचे तर शाळेने जागा दिली तिचे मानतो, प्रांतसाहेबांनी मला मध्येच थांबवले नाही त्याचे मानतो, आणि सेक्रेटरीसाहेबांनी घंटेवर हात ठेवला पण वाजवली नाही, त्यांचेही मानतो. एवढे बोलून वक्त्याने म्हणायचे असते की काही अधिकउणे झाले असेल तर सभेने ते पोटात घालावे. माझे पोटात घालू नका. सेक्रेटरीसाहेब, माझे हे सगळे प्रोसिडिंगमध्ये घाला, आणि पुढच्या सभेत सर्वांसमोर वाचून कायम करा.